पाचवा मजला

मी स्टोअर सांभाळतो.
स्क्रू मोजून देतो, सही घेतो,
ड्रिलचं पातं परत आलं की उजेडात धरून बघतो.
वालपाराइसोच्या या चढावर,
जिथे पत्ता सांगतानाही आधी पायऱ्या सांगतात,
मार्च उजाडला की इंजिनिअरिंगची नवी पोरं धापा टाकत येतात
आणि इस्मेनिया बाई पहिल्याच तासाला बजावतात:
डोळ्यांवर पट्ट्या बांधायच्या नाहीत.
अर्धा तास आंधळं होऊन काही कळत नसतं,
नुसतं भिंतीला धडकून हसू येतं.
ज्याला माहीत आहे त्याला विचारा,
आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

माहीत असतं सेन्योर काटालानना.
कस्टममध्ये कारकून होते, चाळिशीत नजर गेली.
दर गुरुवारी येतात, बिल स्वतः टाइप करून आणतात.
कॉफी पांचट असली तर खाली तसा शेरा.

त्या वर्षी काम होतं आमच्याच लिफ्टचं.
दानित्सा आणि तिच्याबरोबरचे तिघं महिनाभर खपले:
ठिपका किती उंच, दोन ठिपक्यांत अंतर किती,
चाकाच्या खुर्चीतून हात कुठवर पोचतो,
जुलैतल्या गारठ्यात बधिर बोटाला काय कळतं.
पाटी छापायची, नखानं खरवडून बघायची, पुन्हा छापायची.
माझ्याकडचा सँडपेपर संपला. मी कुरकुरलो.
शेवटी सात पाट्या झाल्या, हाडासारख्या पांढऱ्या,
प्रत्येकीला दोन भोकं, एक वर, एक खाली.

लावल्या मी.
बुधवारी रात्री, सगळे गेल्यावर, रेडिओवर मॅच ऐकत.

गुरुवारी सेन्योर काटालान लिफ्टमध्ये शिरले.
पोरं दाराशी, श्वास रोखून.
बोट खालून वर चढत गेलं:
एक. दोन. तीन. चार.
थांबलं. मागे आलं. पुन्हा गेलं.
"इथे," ते म्हणाले, "प्रश्नचिन्ह आहे.
आणि त्याच्यापुढे प."
लिफ्टचं दार मिटायला लागलं. आमारोनं मध्ये पाय घातला.
"पाचाचा आकडा उलटा लावला की असा वाचतो,"
आणि ते इतके हसले की काठी हातातून निसटली.

आमच्या भाषेत प्रश्नचिन्ह प्रश्नाच्या आधीच येतं.
'पोर के', म्हणजे 'का', असं लिहायला घ्या:
पहिल्या दोन खुणा याच.

मी मागे उभा. कानाच्या पाळ्या तापलेल्या.
साठीला आलो, मला ते सहा ठिपके म्हणजे
सांडलेली साबुदाण्याएवढी खडी.
वर कुठलं, खाली कुठलं, कुणी सांगितलंय?
तरी म्हणालो, चूक माझी. स्क्रू मी पिळले.

दानित्सानं पाटी काढली. फिरवली. परत फिरवली.
दोन्हीकडून तितकीच चपखल बसत होती.
"काका, हिनंच तुम्हाला सांगायला हवं होतं," ती म्हणाली,
"आम्ही वाचणाऱ्याचा विचार केला.
लावणाऱ्याचा राहिला."
तिचा आवाज जरा कापला.
बाई काहीच बोलल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं.
अर्धा गुण कापला होता, हे मला डिसेंबरात कळलं.

आता पाटीचं खालचं भोक थोडं डावीकडे सरकलंय.
उलटी धरली तर भोकावर भोक येतच नाही.
मी एकदा डोळे मिटून लावून बघितली. बसली.
बाईंना सांगू नका.

जुनी पाटी माझ्या खणात आहे, छोट्या स्क्रूंच्या डब्यात.
मार्चमध्ये नवी पोरं सामान मागायला येतात,
घाईत असतात, उत्तर खिशात घेऊनच आलेली.
सही घेण्याआधी ती पाटी मी त्यांच्या तळहातावर ठेवतो,
उलटी.
कुणी दोन मिनिटं बोट फिरवत उभं राहतं.
बाकीचे म्हणतात, काका, स्क्रू.
मी मोजून देतो.